गिरिजाबाईचं पिवळं पाणी

करडईच्या शेतात जनावर शिरत नाही. म्हणून आमच्याकडे हरभऱ्याच्या कडेनं चार ओळी करडईच्या टाकतात. कुंपणाचं काम होतं. पानाला काटा, बोंडाला काटा, आणि वाळली की प्रत्येक काटा सुईसारखा. अशा रानात माझी थोरली वहिनी गिरिजाबाई आमच्या हसनाबाद गावच्या बायांची टोळी घेऊन काढणीला उतरायची. तिच्या पुढे कोणी गेलेलं मी पाहिलं नाही.

मी जालन्याला तेलगिरणीत होतो, घाण्यावर. वरून करडईचं बी टाकायचं, खालून तेल आणि पेंड वेगळी काढायची. अंगात बळ होतं तोवर हेच केलं. त्यामुळे करडईचं बी मला कळतं. फूल कळत नव्हतं. फुलात काय असतं ते वहिनीमुळे कळलं, आणि तेही ती एकदा चुकली म्हणून.

१९८१ साली शिमग्याच्या आधी गिरणी दुरुस्तीसाठी बंद होती. मी गावी आलो आणि वहिनीच्या टोळीत काढणीला गेलो. गिरणीत पोत्याखाली कधी वाकलो नव्हतो, म्हणून वाटलं, बायांचं काम आहे, सहज होईल.

टोळीची रीत ठरलेली होती. पहाटे दवात सुरुवात करायची, कारण दवानं काटा मऊ पडतो. हाताला जुन्या धोतराच्या चिंध्या गुंडाळायच्या. प्रत्येकीनं एक पात धरायची, म्हणजे चार ओळींचा पट्टा, आणि तो पलीकडच्या बांधापर्यंत एकटीनं न्यायचा. बांधाला लागून असलेली पहिली पात सगळ्यांत पुढे चालणारीची. ती वहिनीची. कापलेलं झाड बोंडं आत आणि बुडखा बाहेर असं ठेवायचं, म्हणजे उचलणाऱ्याला टोचत नाही. ऊन चढून काटा कडक झाला की काम बंद. यातलं वहिनी काही सांगायची नाही. कोणाचं चुकलं तर येऊन पेंढी फिरवून ठेवायची आणि परत आपल्या पातीला लागायची.

जिच्या हातून पात निघेनाशी झाली ती लिंबाखाली बसायची. फांदीला लेकरांच्या झोळ्या बांधलेल्या असत. त्यांच्या दोऱ्या ओढायच्या, पाण्याची घागर सांभाळायची. गावात याला झोळीखाली बसणं म्हणत. साळूबाई यंदा झोळीखाली बसली, असं म्हटलं की लोकांना समजायचं. त्यात कमीपणा नव्हता. पण झोळीखाली बसलेली बाई पुन्हा पातीवर आलेली कोणाला आठवत नव्हती.

मी अर्ध्या पातीत खाली बसलो. मनगटात काटे मोडले होते. वहिनी आपली पात संपवून माझ्या पातीत उलट्या बाजूनं शिरली.

"काय भाऊजी, गिरणीत नुसतं तेल पिऊन बसता काय?"

"दम खाऊन राह्यलो, वैनी."

"खा. पण जल्दी खा. ऊन तुमच्यासाठी थांबून राह्यलं न्हाई."

संध्याकाळी तिनं चुलीवर पाणी उकळलं, खाली उतरवलं, त्यात वाळलेल्या करडईच्या पाकळ्या टाकल्या आणि झाकण ठेवलं. थोड्या वेळानं पाणी हळदीसारखं पिवळं झालं. हे माझ्या आईनं तिला शिकवलेलं. काढणीनं बोटं, मनगटं, कंबर धरली की हे प्यायचं. आईचे त्याला दोन नियम होते. पोटुशी बाईला थेंबसुद्धा द्यायचा नाही. आणि जिनं पात पुरी केली तिलाच पूर्ण कप. मला वहिनीनं अर्धा कप दिला. माझा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा सर्जेराव, ओट्यावर बसून बघत होता.

"अर्धी पात, अर्धा कप," तो म्हणाला. "हिशोब बराबर हाय."

चव काही खास नव्हती. वाळल्या गवतासारखी.

१९९७ मध्ये मी गिरणीतून निवृत्त झालो आणि हसनाबादला परतलो. वहिनी तेव्हा साठीला टेकली होती. तिच्या बोटांची पेरं सुजलेली. सकाळी मूठ वळायची नाही. विळ्याची मूठ ती डाव्या हातानं उजव्या हातात बसवायची, एकेक बोट दाबून. हे ती घरामागे करायची, कोणाला दिसू नये म्हणून. मला दिसलं. मी विचारलं नाही.

त्या वर्षी काढणीत बांधाकडची पात तिचीच होती. शेजारच्या पातीला बेबीनंदा, आमच्या भावकीतली नवी सून. हाताला चपळ, तोंडाला त्याहून चपळ. ती आपल्या चार ओळी कापता कापता वहिनीच्या पातीतली एक, अशी पाचवी ओळही कापून जायची. सहज, मान वर न करता. त्यामुळे वहिनी मागे पडलेली दिसत नसे. दोन-तीन दिवस वहिनीनं बघितलं. मग बांधावर सगळ्यांसमोर विचारलं.

"बेबीनंदा, माझ्या पातीत तुझा विळा काय करून राह्यला?"

"चुकून गेला, आत्याबाई."

"रोज चुकून राह्यला?"

बेबीनंदानं विळा पदराआड घेतला. बाकीच्या बाया पेंढ्या उचलायला लागल्या.

त्या संध्याकाळी वहिनीनं पिवळं पाणी केलं. सगळ्यांना दिलं. स्वतःच्या कपात अर्धंच ओतलं आणि कप खाली ठेवला. सर्जेरावानं ते पाहिलं आणि उठून गोठ्याकडे गेला. पुढे ती मला एवढंच म्हणाली, "आता झोळीखालीच बसवतील, भाऊजी. मला काम सुटायचं भ्याव न्हाई. बायांतून सुटायचं हाय." तिचं तरुणपण, हसणं, भांडणं, सगळं त्या पातींवर झालं होतं. घरी ती फार बोलत नसे.

पुढल्या हिवाळ्यात सत्यशीला आली. ही उषाबाईची मुलगी. उषाबाई बौद्धवाड्यातली, वहिनीच्या टोळीतली जुनी बाई. सत्यशीला त्याच लिंबाच्या झोळीत वाढली, मग शिकत शिकत औरंगाबादेला गेली आणि औषधशास्त्राची पदवी घेऊन आली. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्यात तिला नोकरी होती. तिथे पाना-मुळांतून औषधी अर्क काढत.

"काकू, तुम्ही ते पिवळं पाणी अजून करता का?" तिनं ओट्यावर बसता बसता विचारलं.

"करते तर. थांब, आत्ता ठेवते."

पाणी उतरेपर्यंत तिनं सांगितलं. पाकळीतला जो पिवळा भाग पाण्यात उतरतो त्यात औषधी गुण आहेत. सूज कमी करणारे, रक्त खेळतं ठेवणारे. त्यावर ठिकठिकाणी अभ्यास चालला आहे. तिच्या कारखान्यात तो भाग पाण्यात काढून, गाळून, वाळवून त्याची भुकटी करणार होते.

"मंग आमची माय चुलीवर करायची ते तुमी मशीनवर करून राह्यले," सर्जेराव म्हणाला.

"तसंच म्हणा, काका. पण किती द्यायचं आन् कुणाला न्हाई द्यायचं, ते तपासावं लागतं. रक्त पातळ करायची गोळी ज्याला चालू हाय, त्यानं हे घ्यायचं न्हाई. पोटुशीनं तर बिलकुल न्हाई."

"पोटुशीचं आमाला ठाव हाय," वहिनी म्हणाली. "गोळीचं न्हवतं ठाव." आणि तिनं सर्जेरावाकडे पाहिलं. "तुमी कोणती गोळी घेता?"

"पित्ताची."

"मंग प्या."

सत्यशीलाचं काम असं होतं. हसनाबादच्या करडईच्या पाकळ्यांचा एक नमुना कारखान्यात तपासायचा. तो कसोटीला उतरला तर गावातून हंगामभर पाकळ्या घ्यायच्या. वेचायच्या गावच्या बायांनीच. "पण स्वच्छ पायजेत, काकू. औषधाला जायच्या हायत. माती नको, काटा नको."

वहिनी आपल्या हातांकडे बघत होती. अंगठा आणि दोन बोटं तिनं जुळवली, सोडली, पुन्हा जुळवली. तेवढी जुळत होती. "पाकळीला विळा लागत न्हाई," ती म्हणाली. कोणाला उद्देशून म्हणाली असं नाही. मला मात्र कळलं.

नमुना तिनं स्वतः करायचा ठरवला. पाकळी कधी घ्यायची ते तिला माहीत होतं. फूल पिवळं धमक असतं तेव्हा नाही; तेव्हा घेतली तर बी नीट भरत नाही. कोमेजून नारिंगी-लाल झाली, चिमटीत धरली की आपोआप सुटून येते, तेव्हा घ्यायची. आमचं शेत सडकेला लागून. ट्रॅक्टर, जीपगाड्या दिवसभर. पाकळ्यांवर धूळ बसलेली. तिनं दुरडी भरून आणली आणि घमेल्यात गार पाण्यानं धुतली.

पहिलं पाणी गढूळ आणि गडद पिवळं निघालं. मी म्हणालो, "रंग जाऊन राह्यला, वैनी."

"कच्चा रंग हाय. नव्या लुगड्याचं पहिलं पाणी असंच न्हाई का येत? कच्चा जातो, पक्का ऱ्हातो. औषध उकळल्यावर उतरतं."

मला पटलं. गिरणीतही पहिल्या तेलाचा गाळ बाजूला काढतच होतो. तिनं दुसरं पाणी घातलं, मग तिसरं. पाणी नितळ दिसेपर्यंत हात थांबला नाही. धुतलेलं पाणी वाया नको म्हणून म्हशीच्या टाक्यात ओतलं. पाकळ्या सावलीत पांढऱ्या लुगड्यावर पसरल्या. वाळल्या तेव्हा लाल, सुरेख दिसत होत्या. एक खडा नाही, एक काटा नाही. अशी निगुती मी गिरणीत मालाची कधी पाहिली नाही. पिशवी मांडीवर धरून मीच एसटीनं जालन्याला नेली.

आठवड्याभरानं सत्यशीला दोन बाटल्या घेऊन आली. ओट्यावर उजेडात शेजारी शेजारी ठेवल्या. एकीत हळदीसारखं पाणी. दुसरीत ताकाची निवळी असते तसं.

"ह्या पिवळ्या बाटलीतल्या मी सडकेच्या कडेनं मूठभर तोडल्या होत्या. धुळीसकट," ती म्हणाली. "ही दुसरी तुमची, काकू."

वहिनीनं बाटली हातात घेतली. "पण पाकळी तर चांगली लाल व्हती."

"लाल ऱ्हातो, तो पाण्यात उतरत न्हाई. पिवळा उतरतो. तो गार पाण्यातबी उतरतो. सगळा धुण्यात गेला." मग खाली बघून म्हणाली, "माझंच चुकलं. स्वच्छ पायजे म्हणले, धुऊ नका असं म्हणलेच न्हाई. धूळ काढायची कशी, ते मलाबी ठाव न्हाई."

वहिनी बाटली उजेडात फिरवून बघत राहिली. सर्जेरावाला ते सहन झालं नाही.

"सगळा अर्क म्हशीनं पेला," तो म्हणाला. "तरीच दोन दिवसांपासून टणाटणा चालून राह्यली. भाऊ, पिशवीच्या जागी म्हैस न्यायची व्हती जालन्याला."

वहिनी बाटली खाली ठेवत म्हणाली, "न्या. तिच्या मागून तुमीबी जा. तुमचीबी तपासणी व्हईल."

तेव्हा कुठे सत्यशीला हसली. पण अडचण तशीच होती. सडकेकडची फुलं सरली होती. नाल्याकडे आमचा एक तुकडा उशिरा पेरलेला, त्याच्या पाकळ्या आता कोमेजत होत्या. त्याही दहा-पंधरा दिवसांच्या. सत्यशीला आणखी एक नमुना देऊ शकत होती. तो उतरला नाही तर कारखाना दुसरीकडून माल घेणार, आणि वहिनीसाठी पुढच्या काढणीत लिंबाची सावली ठरलेली.

दुसऱ्या दिवशी वहिनी सवयीनं पहाटेच नाल्याकडे गेली. दवातल्या पाकळ्या ओल्या आल्या आणि वाळता वाळता काळ्या पडल्या. त्या तिनं फेकल्या. म्हणजे दव उतरेपर्यंत थांबायला हवं होतं, आणि दव उतरलं की काटा कडक. तिनं हाताला चिंध्या गुंडाळल्या, फक्त तीन बोटांची टोकं उघडी ठेवली, आणि ऊन चढताना रानात शिरली. ज्या वेळी टोळी नेहमी काम बंद करायची त्या वेळी हिनं सुरू केलं. दुरडी भरली असं वाटे. वाळल्यावर माल तळाला जाई. परत जाई.

धूळ काढायला आधी कापडात झटकलं. पाकळ्यांचा चुरा झाला. मग मैद्याच्या चाळणीनं हलक्या हातानं चाळलं. धूळ गेली, काट्यांचे तुकडे आणि खडे राहिले. शेवटी सूप घेतलं. पाखडण्यात तिचा हात जुना, पण धान्याची सवय इथे उलटी पडत होती. धान्य सुपात राहतं, फोलपट उडतं. इथे उडणारंच ठेवायचं होतं. पहिल्या झटक्याला पाकळ्या अंगणभर झाल्या. बेबीनंदा काखेत लेकरू घेऊन बघत उभी होती.

"आत्याबाई, कोंबड्यांनाबी औषध पाजून राह्यल्या काय?"

"तोंड चालवून राह्यली तर हातबी चालव. लुगडं धर."

बेबीनंदानं लेकरू माझ्याकडे दिलं आणि सुपासमोर पांढरं लुगडं दोन्ही हातांनी ताणून धरलं. वहिनीनं सूप आडवं केलं, झटका लहान केला, अजून लहान केला. तिच्या मुठीला तेवढाच जमत होता, आणि पाकळीला तेवढाच हवा होता. पाकळ्या समोर लुगड्यावर उतरायला लागल्या. काटे आणि खडे मागे सुपात. दुपारपर्यंत दोघी त्याच जागी. बिघडलेला माल बाजूला, परत पहिल्यापासून. शेवटी वहिनीनं चिमूटभर पाकळ्या गरम पाण्यात टाकल्या आणि झाकण उघडं ठेवूनच बसली. पाणी पिवळं झालं. गाळलं तर खाली माती नव्हती.

हा नमुनाही मीच नेला.

सत्यशीला चार दिवसांनी संध्याकाळच्या गाडीनं आली. पिशवीतून बाटली काढून वहिनीच्या हातात दिली. वहिनीनं ती मावळतीकडे धरली.

"उतरला?"

"उतरला, काकू."

"मंग बायांना सांगते," वहिनी म्हणाली आणि चपला न घालताच निघाली.

ते काम पुढे काही हंगाम चाललं. मग सोयाबीन वाढलं, करडई कमी कमी होत गेली, आणि कारखान्याला माल पुरेना. वहिनीची बोटं सरळ झाली नाहीत. ती रोज पिवळं पाणी पिते आणि सकाळी मूठ लवकर वळते असं म्हणते. ते पाण्यानं झालं, की विळा सुटल्यानं, की रोज चिमटीचं काम केल्यानं, हे सत्यशीलालाही ठरवता आलं नाही. मी ठरवत नाही. मूठ वळते, हे मी पाहिलं आहे.

त्या पहिल्या दिवसाचं सांगून थांबतो. दव उतरल्यावर टोळी नाल्याकडच्या तुकड्यात आली. बेबीनंदा बांधाजवळ थांबली आणि म्हणाली, "आत्याबाई, ही तुमची." वहिनीनं पहिली पात धरली. पाकळी ओढून घाई केली की बोंड मोडतं, बी जातं. जितक्या हळू ती चालली तितक्याच हळू बाकीच्या चालल्या. तिच्या मागे राहण्यासाठी कोणाला मुद्दाम हळू व्हावं लागलं नाही. तिच्या पातीत कोणाचा हात आला नाही. अधूनमधून हसणं ऐकू येत होतं, त्यात तिचंही होतं.

लिंबाला बेबीनंदाच्या लेकराची झोळी बांधलेली होती. साळूबाई त्या वर्षी लेकीकडे गेली होती. दोरी ओढायला कोणी नव्हतं, म्हणून मी बसलो. हे काम सोपं नाही. दोरी जोरात ओढली की लेकरू जागं होतं, सोडली तरी जागं होतं. हात एका तालात ठेवावा लागतो, आणि दुपारपर्यंत खांदा भरून येतो.

संध्याकाळी वहिनीनं ओट्यावर कप मांडले. बायांना दिले. मग स्वतःचा कप घेतला आणि काठापर्यंत भरला. सर्जेरावानं पाहिलं आणि दुसरीकडे तोंड फिरवलं. मी माझा कप पुढे केला. तिनं अर्धा भरला.

"वैनी, दिवसभर दोरी वढून राह्यलो मी."

"बसून वढली," ती म्हणाली आणि आपला कप तोंडाला लावला.